तक्रारीचा मेल आणि सोबत पासवर्ड लावलेली झिप फाईल: उघडायची की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेडणे तालुक्यात मांद्रेला एका ताईंचं लहानसं गेस्टहाऊस आहे. त्यांना इंग्रजीत एक मेल आला: 'आम्ही तुमच्याकडे उतरलो होतो, अंथरुणात ढेकूण निघाले, मुलीच्या अंगावर पुरळ उठलं. फोटो आणि डॉक्टरांचं बिल सोबत जोडलं आहे. 24 तासांत उत्तर आलं नाही तर फोटोंसकट रिव्ह्यू टाकू.' सोबत झिप फाईल, आणि तिचा पासवर्ड त्याच मेलच्या शेवटच्या ओळीत. भाचा म्हणतो, उघडू नका. ताई विचारतात, खरीच तक्रार असली तर? सीझनच्या तोंडावर वाईट रिव्ह्यू परवडणार नाही. असे मेल ओळखायचे कसे, आणि ज्याला रोज पाहुण्यांच्या अटॅचमेंट उघडाव्याच लागतात त्याने करायचं काय?

ताई, भाच्याचं ऐका. ती फाईल उघडू नका. पण मेल डिलीटही करू नका, तो पुढे उपयोगी पडेल.

फोंडा, पणजी, म्हापसा या भागातल्या पतसंस्था, छोटे कारखाने, हॉटेलं, देवस्थान समित्या यांचे मेल आणि संगणक सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. तुमच्यासारखा प्रश्न दर सीझनला कुणाकडून तरी येतो. 'अनोळखी अटॅचमेंट कधीच उघडू नका' हा नेहमीचा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही, हे मला पटतं. ज्यांचा धंदाच अनोळखी माणसांना राहायला घेण्याचा, त्यांना अनोळखी माणसांचेच मेल येणार. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती कळवायची, म्हणजे आपण ज्याला सी-फॉर्म म्हणत आलो तो, आणि त्यासाठी पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती बहुतेक वेळा मेलनेच येतात. भामट्यांना हे पक्कं ठाऊक आहे. तुमच्या कामाची ही रीत बघूनच तो मेल लिहिलेला आहे.

हा प्रकार फक्त तुमच्या वाट्याला आलेला नाही. डिसेंबर 2023 मध्ये सोफोस या सुरक्षा कंपनीने हॉटेलांना येणाऱ्या अगदी अशाच मेलबद्दल सविस्तर लिहिलं होतं. पहिल्या मेलमध्ये कधी सामान चोरीला गेल्याची किंवा पाहुणा आजारी पडल्याची तक्रार, कधी ॲलर्जी असलेल्या पाहुण्याची सोय होईल का अशी साधी चौकशी. हॉटेलने उत्तर दिलं की दुसऱ्या मेलमध्ये 'पुराव्यां'ची लिंक आणि तिथे पासवर्ड लावलेली फाईल. पुढे मार्च 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने बुकिंग डॉट कॉमचं नाव वापरून हॉटेलवाल्यांना पाठवल्या जाणाऱ्या मेलची माहिती जाहीर केली. ज्या भागांतल्या हॉटेलांना हे मेल गेले, त्यांत दक्षिण आशियाही होता.

आता तुमच्या मेलमधली एकच गोष्ट नीट बघू, कारण सगळं तिच्यात आहे: फाईलला लावलेला पासवर्ड. जीमेल असो की दुसरी कुठली सेवा, आलेली फाईल ती आधी स्वतः तपासते. फाईलला पासवर्ड असला की आत काय आहे ते तिला दिसत नाही. बरं, पासवर्ड गुप्ततेसाठी असता तर तो त्याच मेलमध्ये लिहून दिला नसता. म्हणजे ज्याच्या हाती मेल पडेल त्याला फाईल उघडता येणार, फक्त तपासणाऱ्या यंत्रणेला उघडता येणार नाही. ढेकणाचे फोटो जीमेलपासून लपवायचं कुठल्याही खऱ्या पाहुण्याला काही कारण नाही. बँकाही स्टेटमेंट पासवर्ड लावून पाठवतात हे खरं, पण ते पीडीएफ असतं आणि पासवर्ड तुमच्या नावावरून, जन्मतारखेवरून किंवा खाते क्रमांकावरून तुम्हालाच बनवायचा असतो. तयार पासवर्ड मेलमध्ये छापून येत नाही.

अशी झिप उघडली की आत बहुधा 'फोटो डॉट जेपीजी' किंवा 'बिल डॉट पीडीएफ' अशा नावाची फाईल दिसते, चित्रही पीडीएफचंच. पण खरं नाव 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असतं, म्हणजे ते बिल नसून प्रोग्रॅम असतो. विंडोज ओळखीच्या फायलींचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं, म्हणून शेवटचं 'ईएक्सई' तुम्हाला दिसत नाही. ही युक्ती फार जुनी आहे. मे 2000 मध्ये जगभर थैमान घातलेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसची फाईल 'टीएक्सटी' वाटायची आणि शेपटाला 'व्हीबीएस' असायचं. इतकी वर्षं झाली तरी विंडोजमधलं ते लपवणं तसंच आहे, म्हणून हे काम आजच करा. विंडोज 11 असेल तर कुठलंही फोल्डर उघडा, वरच्या 'व्ह्यू'वर जा, 'शो'मध्ये 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. विंडोज 10 मध्ये ही टिक 'व्ह्यू'च्या पट्टीवरच आहे. एकदा केलं की शॉर्टकट (एलएनके) सोडून बाकी फायलींचं पूर्ण नाव दिसायला लागेल. फोटो जेपीजी, पीएनजी किंवा आयफोनचा एचईआयसी असतो. बिल पीडीएफ असतं. शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ यातलं काही दिसलं, तर पाठवणारा कोणीही असो, हात लावू नका.

ती फाईल उघडली असती तर काय झालं असतं, हेही सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की व्हायरस म्हणजे संगणक मंद होणं किंवा बंद पडणं. हॉटेलांकडे येणारे प्रोग्रॅम मुख्यतः चोरीचे असतात. दोन-चार सेकंदांत ते ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड उचलतात, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमचं चालू लॉगिनही उचलतात. तुम्ही बुकिंग साइटवर सकाळी ओटीपी टाकून आत गेलात आणि दिवसभर ती उघडीच ठेवलीत, तर त्या उघड्या लॉगिनची खूण ब्राउझरमध्ये असते. ती चोराकडे गेली की त्याला ना पासवर्ड लागत, ना ओटीपी. संगणक आधीसारखाच चालू राहतो, स्क्रीनवर काही दिसत नाही. पुढचा फटका तुमच्या पाहुण्यांना बसतो. तुमच्याच खात्यातून, बुकिंग साइटच्या खऱ्या मेसेजमधून त्यांना निरोप जातो की कार्डाची पडताळणी राहिली आहे, या लिंकवर करा, नाहीतर बुकिंग रद्द होईल. पाहुण्याने विश्वास का ठेवू नये? नाव तुमचं, तारखा बरोबर, रक्कमही बरोबर. पैसे त्याचे जातात आणि नाव तुमचं खराब होतं. एका वाईट रिव्ह्यूच्या भीतीने उघडलेली फाईल सगळा सीझन घालवू शकते.

मग खरीच तक्रार असली तर? आधी रजिस्टर बघा. त्या नावाचं कोणी, त्या सुमारास उतरलं होतं का? मेलमध्ये तारीख, खोली, बुकिंग क्रमांक काहीच नसेल (बहुधा नसतंच, कारण तोच मजकूर शेकडो हॉटेलांना गेलेला असतो), तर दोन ओळी लिहा: 'झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटतं. मुक्कामाची तारीख आणि बुकिंग क्रमांक कळवा, फोटो बुकिंग साइटच्या मेसेजमधून किंवा साधे जेपीजी म्हणून पाठवा, झिप फाईल आम्ही उघडत नाही.' एवढंच. खरा पाहुणा कुरकुरत का होईना, फोटो पाठवील. त्याला तुम्ही ते बघायलाच हवे आहेत. भामटा एकतर गप्प होईल, नाहीतर पुन्हा तीच फाईल पुढे करील: 'फोटो मोठे आहेत, संगणकावरच उघडा, फोनवर दिसणार नाहीत.' एवढं कळलं की पुढे उत्तर द्यायची गरज नाही.

हॉटेलवाल्यांच्या मागे लागलेला दुसरा एक प्रकार आहे, त्यात अटॅचमेंटसुद्धा नसते किंवा असली तर नुसतं पीडीएफ आणि आत लिंक. लिंक उघडली की बुकिंग साइटसारखं पान येतं आणि 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' अशी चौकट. तीत तीन पायऱ्या लिहिलेल्या: विंडोजची कळ आणि 'आर' एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि 'व्ही', मग एंटर. मायक्रोसॉफ्टने सांगितलेला प्रकार हाच. त्या पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते, आणि या तीन कळांनी तुम्ही ती स्वतःच्या हाताने संगणकाला देता. अँटीव्हायरसला वाटतं, मालकानेच सांगितलं. रिसेप्शनवर बसणाऱ्या मुलांना हे एक वाक्य पाठ करून घ्या: कुठलीही वेबसाइट माणूस ओळखायला विंडोजची कळ दाबायला सांगत नाही. चित्रातले सिग्नल किंवा बस निवडायला सांगेल, टिक करायला सांगेल, त्यापुढे काही नाही.

आता पाठवणारा. मेलवर ठळक दिसणारं नाव कुणालाही काहीही लिहिता येतं. 'बुकिंग सपोर्ट' लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. खरा पत्ता त्याखाली असतो आणि फोनवर तर तो लपलेलाच असतो, नावाशेजारच्या छोट्या बाणावर बोट ठेवलं की दिसतो. 'ॲट' या खुणेनंतरचा भाग वाचा, आणि तो शेवटाकडून वाचा. खरा मालक शेवटी असतो. 'बुकिंग डॉट कॉम' ही अक्षरं पत्त्यात सुरुवातीला असतील आणि पुढे डॉट किंवा हायफन देऊन आणखी काही नाव लागलं असेल, तर तो पत्ता त्या पुढच्या नावाचा आहे. बँकांच्या बाबतीत आता एक सोय झाली आहे: रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपल्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. बँकेच्या नावाने आलेली लिंक दुसऱ्याच कुठल्या पत्त्यावर संपत असेल तर तिथे पासवर्ड टाकू नका.

ज्यांना आणखी खोलात जायचं आहे त्यांनी संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल' बघावं. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन ओळी असतात. 'फेल' लिहिलं असेल तर संशयाला जागा आहे. पण 'पास'चा अर्थ इतकाच की मेल खरंच त्या पत्त्याच्या सर्व्हरवरून निघाला. पाठवणारा माणूस सज्जन आहे असं ते सांगत नाही. भामट्याने स्वतःच्या नावाने घेतलेलं डोमेनही पास होतं, आणि तुमच्या ओळखीच्या माणसाचं चोरलेलं खातंही पास होतं.

हे चोरलेल्या खात्याचं प्रकरण सगळ्यात अवघड. इमोटेट नावाचा प्रोग्रॅम याच रीतीने पसरला: लागण झालेल्या संगणकातले जुने मेल वाचायचे आणि त्याच संभाषणात 'रिप्लाय' म्हणून फाईल पाठवायची. विषय तुमचा, खाली मजकूर तुमचाच. जानेवारी 2021 मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचं जाळं बंद पाडलं, तरी त्याच वर्षाच्या शेवटी ते पुन्हा उभं राहिलं. ती रीत तर आता सर्रास चालते.

कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हे अगदी जवळून बघायला मिळालं. हिशेब बघणाऱ्या बाईंना गुजरातच्या पुरवठादाराचा मेल आला. बिलाची चर्चा आठवडाभर चालूच होती, त्याच धाग्यात. 'ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, सुधारित प्रोफॉर्मा जोडला आहे, त्यावरच्या नव्या खात्यात आरटीजीएस करा.' पीडीएफवर लेटरहेड बरोबर, शिक्का बरोबर, जीएसटी क्रमांक बरोबर. फाईलमध्ये व्हायरसही नव्हता; कुठल्याही अँटीव्हायरसला ती सापडली नसती. बाईंनी मेलमधला नंबर न लावता दोन वर्षांपूर्वीच्या कागदी बिलावरचा नंबर लावला आणि विचारलं, 'खातं बदललं का हो?' बदललं नव्हतं. मग आम्ही पत्ता मोठा करून बघितला, तर कंपनीच्या नावातल्या इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवले होते. मेलच्या बारीक अक्षरांत ते हुबेहूब 'एम' दिसतात. पुरवठादाराच्या खात्यात कोणी तरी शिरून संभाषण वाचत होतं आणि बरोबर पैसे द्यायच्या दिवशी हा मेल आला.

त्या बाईंनी जे केलं ते मी प्रत्येक कचेरीत नियम म्हणून लावतो. पैशांचा, खाते क्रमांकाचा किंवा पासवर्डचा विषय मेलमधून आला की खातरजमा मेलमधून करायची नाही. आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर, आवाज ओळखीच्या माणसाशी बोलून करायची. साहेबांचा मेल आला म्हणून थेट साहेबांना विचारायला संकोच वाटतो, विशेषतः नव्या मुलांना. तो संकोच साहेबांनीच मोडायला हवा: 'मला फोन केलास म्हणून मी कधी रागावणार नाही' असं सगळ्यांसमोर सांगायला हवं. आता नेट बँकिंगमध्ये आरटीजीएस, एनईएफटी करण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2025 पर्यंत बँकांना द्यायला सांगितली होती. ती वापरा. कंपनीच्या बिलावर भलत्याच माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबता येतं.

मला लोक विचारतात, स्पेलिंगच्या चुका बघायच्या ना? हा सल्ला आता सोडून द्या. यंत्राकडून लिहून घेतलेलं इंग्रजी शुद्ध असतं, आणि मराठी मेलही आता बऱ्या भाषेत यायला लागले आहेत. उलट, घाईत लिहिणाऱ्या खऱ्या पाहुण्याच्याच मेलमध्ये चार चुका असतात. भाषेपेक्षा मागणी बघा. घाई आहे का? भीती किंवा लोभ दाखवला आहे का? आणि शेवटी तुमच्याकडून काही उघडणं, टाकणं, भरणं किंवा एखादं संरक्षण बंद करणं अपेक्षित आहे का? या गोष्टी एकत्र आल्या की मेल कितीही देखणा असो, तो बाजूला ठेवावा.

'संरक्षण बंद करणं' याचं उदाहरण एक्सेल-वर्डच्या फायलींत दिसतं. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो, म्हणजे फाईलच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम, मायक्रोसॉफ्टने 2022 पासून आपोआप रोखायला सुरुवात केली, त्यासाठी वर लाल पट्टी येते. म्हणून हल्लीच्या फसव्या फायलींत सूचना लिहिलेली असते की फाईलवर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'अनब्लॉक'वर टिक करा. कोटेशन वाचायला कुलूप तोडायला लागत नाही. अशी सूचना दिसताच फाईल बंद करा.

एचटीएमएल फाईल जोडून आली तर तीही तशीच संशयाची. उघडली की मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलच्या लॉगिनसारखं पान येतं, तुमचा मेल पत्ता आधीच भरलेला. वरच्या पत्त्याच्या पट्टीत बघितलं तर तिथे वेबसाइटचं नाव नसतं, तुमच्याच संगणकातल्या फाईलचा मार्ग असतो. एसव्हीजी नावाच्या चित्रफायलींतही हाच खेळ चालतो. पीडीएफमध्ये क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करू नका. लिंक संगणकाच्या तपासणीतून सुटून तुमच्या फोनवर जावी म्हणूनच तो दिलेला असतो. आणि काही वेळा मेलच्या तळाशी दिसणारी 'अटॅचमेंट' ही पीडीएफचं नुसतं चित्र असते, मागे लिंक. माउस तिच्यावर नेऊन क्लिक न करता धरला की खाली डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो.

गोव्यात ज्या घरांत तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, आहेत त्यांना वेगळे मेल येतात. क्रूझ कंपनीच्या नावाचं ऑफर लेटर, पीडीएफमध्ये पगार डॉलरमध्ये, खाली 'व्हिसा प्रोसेसिंग'साठी पैसे भरायची सूचना. जहाजावर भरती करणाऱ्या एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या वेबसाइटवर बघता येते. नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात मनाई आहे, आणि भारताने तो करार 2015 मध्ये मान्य केलेला आहे. फुकटच्या मेल पत्त्यावरून आलेलं आणि आधी पैसे मागणारं ऑफर लेटर घेऊन पोरं कर्ज काढतात हे बघवत नाही. घरात कोणी या वाटेवर असेल तर त्यांना आधी ती यादी उघडून दाखवा.

आयकराच्या नावाचे मेल रिटर्नच्या दिवसांत हमखास येतात: 'रिफंड मंजूर, फॉर्म जोडला आहे.' रिफंड तुम्ही पोर्टलवर नोंदवलेल्या खात्यातच जमा होतो, त्यासाठी अटॅचमेंट भरावी लागत नाही. नोटीस असेल तर तिच्यावर डीआयएन हा क्रमांक असतो, 1 ऑक्टोबर 2019 पासून तो सक्तीचा आहे, आणि आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही तो खरा की खोटा ते तपासता येतं. पोर्टलचा पत्ता मात्र स्वतः टाइप करा.

पोलीस, सीबीआय किंवा आयफोरसी (केंद्राचं सायबर गुन्हे समन्वय केंद्र) यांच्या शिक्क्याचं पत्र जोडून 'तुमच्या इंटरनेटवरून अश्लील साहित्य बघितलं गेलं, उत्तर द्या नाहीतर अटक' असाही मेल फिरतो. आपल्याकडची वयस्कर माणसं लाजेपोटी कुणाला सांगत नाहीत आणि एकटीच अडकतात. असं पत्र साफ खोटं असतं. घरातल्या मोठ्यांना हे तुम्हीच आधी सांगून ठेवा, म्हणजे वेळ आली तर ते लपवणार नाहीत.

आता तुमच्या रोजच्या कामाची घडी. पासपोर्टच्या प्रती डाउनलोड न करता जीमेलमध्येच उघडून बघा. तिथे फाईल गूगलच्या बाजूला उघडते, तुमच्या संगणकावर चालत नाही. माझ्या मते लहान गेस्टहाऊसने पाहुण्यांचे मेल एखाद्या टॅबवर बघावेत आणि बँकेचं काम वेगळ्या उपकरणावर करावं. विंडोजसाठी बनवलेली ईएक्सई फाईल टॅबवर चालत नाही. फोन-टॅबला धोका एपीके फायलींचा असतो: व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा चलान म्हणून एपीके आली तर ती पत्रिका नव्हे, ॲप आहे. संगणक विंडोज 10 वर असेल तर त्याचा नेहमीचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. तो बदलायचं किंवा अद्ययावत करायचं मनावर घ्या. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नका. संशयित फाईल व्हायरसटोटल या साइटवर तपासता येते, पण तिथे टाकलेली फाईल इतर संशोधकांनाही मिळू शकते, म्हणून पाहुण्याचा पासपोर्ट किंवा स्वतःचं पॅन कार्ड तिथे कधी टाकू नका.

बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा. जून 2022 मध्ये गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर-निरीक्षण यंत्रणेचा डेटा रॅन्समवेअरने बंद केला आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. भर पावसाळ्यात. संगणकाला कायम जोडलेली डिस्क अशा वेळी संगणकाबरोबरच जाते.

समजा तुमच्या माणसाने फाईल आधीच उघडली आहे. तर सगळ्यात आधी त्याला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. त्या संगणकाचं वायफाय बंद करा. पासवर्ड बदला, पण त्या संगणकावरून नको. फोनवरून, मोबाइल डेटावर. पहिला मेलचा पासवर्ड, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात. मग 'सगळीकडून साइन आउट' करा, म्हणजे चोरलेलं लॉगिन मरतं. हे पुष्कळांकडून राहतं. मेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' बघा; चोर तिथे आपला पत्ता घालून ठेवतात आणि पासवर्ड बदलल्यावरही तुमचे मेल त्यांना जात राहतात. त्यानंतर बुकिंग साइट आणि बँक. साइटला कळवून, पुढच्या पाहुण्यांना 'आमच्या नावाने कार्ड मागणारा मेसेज आला तर भरू नका' असं फोनवर सांगा. अवघड वाटतं, पण पाहुण्याचे पैसे वाचतात. अँटीव्हायरसने 'काही सापडलं नाही' म्हटलं तरी तो संगणक फॉरमॅट केल्याशिवाय वापरू नका.

पैसे गेले असतील तर विचार करत बसू नका, 1930 लावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ते गोठवायची व्यवस्था त्या क्रमांकामागे आहे, आणि जितका उशीर तितके ते पुढे जातात. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते, आणि गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे. जाताना मेल छापून नेऊ नका, किंवा छापलात तरी मूळ मेल ठेवा. तपासाला लागते ती 'शो ओरिजिनल'मधली माहिती, ती कागदावर येत नाही. पैसे गेले नसले तरी असे मेल सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेला पाठवता येतात.

आणि तुमचा तो मेल: आधी 'शो ओरिजिनल'मधून त्याची प्रत डाउनलोड करून ठेवा, झिपला हात न लावता. मग जीमेलमध्ये 'रिपोर्ट फिशिंग' करा. आजच दुपारी बुकिंग साइटच्या खात्यात जाऊन कुठकुठल्या उपकरणांवर लॉगिन चालू आहे ते बघा. ओळखीचं नसेल ते काढून टाका. रिसेप्शनवरच्या मुलाला बोलावून विचारा की त्याने ती फाईल आधीच उघडून बघितली नाही ना. हा मेल पहिला तुम्हीच बघितलात याची खात्री झाल्याशिवाय बाकीचं काही ठरवू नका.